कंबर

माझं काम एका शब्दाचं.
पहाटे सव्वापाचला गंगेवर जायचं,
दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय ते बघून
वहीत लिहायचं:
घोटा, गुडघा, मांडी, कंबर, छाती, गळा.

माझ्या आधी पुंजाबा गांगुर्डे होते.
त्यांच्या वहीत एका पानावर शब्दच नाही.
समासात एवढंच: आज डोळ्याला नीट दिसलं नाही, उद्या बघून सांगतो.
असं लिहिता यायचं तेव्हा.

मग जलकल्याण कचेरी आली.
घाटाच्या भिंतीवर पुरुषभर उंचीची अक्षरं चढली,
वर 'बदल', खाली 'स्वीकारा'.
बुधवारच्या बाजारात मेथीच्या जुडीसोबतही
तोच कागद मिळायचा.
मला वेगळा कागद आला, हिरव्या शाईचा:
यापुढे रोज 'कंबर' लिहावे.

क्षेमकल्याणी साहेबांना विचारलं, पाणी उतरलं तर?
म्हणाले, पाणी उतरेल हो. कंबर कुठे जाते?
चहा पाजला. माणूस वाईट नव्हता.
त्यांच्याही टेबलावर एक वही होती,
झाकलेली.

पहिल्या दिवशी हात अडखळला.
दुसऱ्या दिवशी कमी.
चाळिसाव्या दिवशी पायऱ्या न उतरताच लिहिलं.
वर्षभराने पाहिलं
तर माझं अक्षर सुधारलं होतं.

नदी आता मंगळवारी आणि शनिवारी सोडत.
बाकीचे दिवस कुंडात शेवाळ,
आणि दोरीला लोहचुंबक बांधून
नाणी शोधणारी पोरं.
भोंगा रोज सांगायचा: कंबर.
लोकही मग तेच बोलू लागले.
काय, कसं काय? कंबर.
पोरीचं जमलं का? कंबर, देवाच्या दयेने.
सिव्हिलमध्ये माझ्या बहिणीशेजारच्या खाटेवरची बाई
जायच्या आधी नर्सला म्हणाली, कंबर आहे.
नर्सने तसंच लिहून घेतलं.

खोटं कशाला बोलू, मलाही सोपं गेलं.
गुडघा हा शब्द
फक्त दुखला की आठवायचा.

भांडी बाजारातल्या कल्हईवाल्याची सायमा,
नऊ वर्षांची, शाळेची वही घेऊन आली.
कोरड्या मारुतीसमोर उभी राहिली बराच वेळ.
काका, याची कंबर कुठे?
मी बोट दाखवलं.
ती म्हणाली, म्हणजे ती जागा आहे?
मला वाटायचं, कंबर म्हणजे बरं.
मग तिने पट्टी काढली
आणि घाटावरच्या एकेका दुकानाशी
मारुतीचा एकेक अवयव
जुळवत बसली.

त्या आषाढात, गुरुवारी,
नदी वेळापत्रक न बघता आली.
पहाटे तीनला मी बॅटरी घेऊन पायऱ्यांवर.
भोंगा म्हणत होता, कंबर.
भिंतीवरची खालची ओळ केव्हाच बुडाली होती.
'स्वीकारा' पाण्यात,
वर नुसतं 'बदल',
आणि त्याच्या 'ल'ला लाटा लागत होत्या.

वही उघडली.
अक्षर पहिल्या दिवसासारखं आलं, वाकडं:
छाती.
समासात लिहिलं, पुंजाबा, आज नीट दिसलं.

मग पळालो. शटरं बडवत, छाती, छाती ओरडत.
दारं बोटभर उघडायची.
आतून झोपाळू आवाज, कंबर, कंबर,
जसं कोणी रामराम घालावा,
आणि कडी.
एका म्हाताऱ्याने तर मला पाणी विचारलं.

कल्हईवाल्याच्या दारात सायमा जागी होती.
छाती? तिने विचारलं.
मान वर करून पाहिलं.
अब्बा, मारुतीची छाती म्हणजे आपला पोटमाळा.

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला,
मग माझ्या मांडीपर्यंत भिजलेल्या पँटकडे.
काही बोलला नाही.
खुंटीवरून आधी भाता उतरवला.